लोकाग्रहास्तव सीईओ

३ नोव्हेंबर १९९६, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. नियम म्हणजे नियम. ही वही कुणी वाचायची नाही. माझं अक्षर मालनला लागत नाही, ते एक बरं.

कालची मीटिंग ऐतिहासिक झाली. आमचं प्रवराकाठ जनसेवा प्रतिष्ठान आता फार वाढलं. कोल्हारपासून पार तिसगावपर्यंतची माणसं देणग्या देतात, गरिबांसाठी कामं चालतात. अध्यक्ष उत्तमराव म्हणाले की आता पगारी, फुलटाइम माणूस पाहिजे. मुख्य कार्यकारी अधिकारी. झेडपीत असतो तसा सीईओ. हे ऐकताच सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. (माझ्या डोक्यामागं भिंतीवर घड्याळ आहे, पण म्हणून काय झालं.)

मी मानद सचिव. साखर कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर. माझ्याशिवाय दुसरं आहे कोण? निवड समितीचा सचिवही मलाच केलंय. म्हणजे निवडणारा मीच आणि निवडला जाणाराही मीच. कामात सुटसुटीतपणा असावा तो असा.

११ नोव्हेंबर
मधले दिवस लिहिलं नाही. पेन.

जाहिरातीचा मसुदा केला. वय अठ्ठावन्न ते साठ. राहणार कोल्हार. कारखान्याच्या ऑफिसचा तीस वर्षांचा अनुभव. आवाज खणखणीत. नावाची सुरुवात ग किंवा घ पासून असल्यास प्राधान्य, हे शेवटचं मी स्वतःच खोडलं. फार उघड दिसत होतं.

उत्तमरावांनी मसुदा वाचला. गटविकास अधिकारी म्हणून रिटायर झालेला माणूस, चष्म्यावरून बघायची सवय. म्हणाले की नाना, यात तुमच्या चपलेचा नंबर तेवढा राहिलाय. मग लाल पेनानं सगळं कापून पदवी, समाजकामाचा अनुभव, वयाची अट नाही, असं साधं सपक करून टाकलं. वयाची अट नाही, हे मात्र माझ्यासाठीच ठेवलं असणार. धूर्त माणूस.

१४ नोव्हेंबर
दाढी करायला गेलो होतो. सलूनमधे सहज बोलून गेलो की आता जीपनं फिरावं लागणार, कंबर टिकेल का. सगळ्यांनी अभिनंदन केलं. अजून काही ठरलेलं नाही असं मी सांगितलं, पण अशा आवाजात सांगितलं की ठरलंय हे कळावं.

सफारीचं कापड टाकलं. बिस्किट कलर.

१९ नोव्हेंबर
मालन म्हणाली, अहो, आधी ॲप्लिकेशन तर करा.

हसू आलं. आपल्याकडं पद मागून घेत नाहीत. मागितलं की किंमत गेली. पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला की आपण पत्रावळीवर हात आडवा धरतो, नको नको म्हणतो, पण बोटं फाकवून धरतो. वाढपी जाणता असला की फटीतून बुंदी बरोबर खाली पडते. पदाचंही तसंच. तीनदा नको म्हणायचं. चौथ्यांदा सुस्कारा सोडून, आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर, असं म्हणायचं. सोसायटीचा चेअरमन असाच झाला. देवस्थानचा खजिनदार असाच झाला. त्याला लोकाग्रहास्तव म्हणतात. मी ॲप्लिकेशन करणार नाही.

मालनला हे सगळं समजावलं. ती म्हणाली की माझ्या माहेरी एक जावई असाच तीनदा नको म्हणाला आणि उपाशी उठला. बायकांना राजकारण कळत नाही. नंतर तिनं मला शेंगा फोडायला बसवलं. रिटायर झाल्यापासून हे रोजचं झालंय. तीस वर्षं ज्या माणसाला शिपाई पाण्याचा ग्लास बशीवर ठेवून देत होता, त्याला घरात कुणी सरका म्हणतं, कुणी पाय वर घ्या म्हणतं. झाडू मारताना मी मधे येतो म्हणे. मी कुठं जायचं? म्हणून ही पोस्ट पाहिजे. इथं खोटं कशाला लिहू. पाहिजेच.

२८ नोव्हेंबर
ॲप्लिकेशनं आली. आश्चर्य आहे, लोकांना लाज नाही. एकानं फोटोत गॉगल घातलाय. एकानं छंद म्हणून 'नेतृत्व' लिहिलंय. देवळाली प्रवराची एक जयमाला म्हणून बाई आहे, एमएसडब्ल्यू, पुण्याच्या संस्थेत सहा वर्षं काम. ॲप्लिकेशन एकाच पानाचं. एका पानात मावतो तो कसला अनुभव? मी लिहिलं असतं तर फाईल लागली असती.

५ डिसेंबर
सहादेवला तयार करतोय. समितीतला सभासद, माझा शेजारी, ऊसवाला, मनानं सोनं. त्याला विहिरीवर नेऊन सगळं समजावलं. मी तीनदा नको म्हणेन. तिसऱ्यांदा म्हणालो की तू उठायचं आणि म्हणायचं, नाना, हे आमी ऐकणार न्हाई, तुमालाच घ्यावं लागंल. झालं. बाकी मी बघतो.

तो म्हणाला, तुमी काळजीच करू नका नाना, लई सोपं हाय. तालीम घेतली. पहिल्या नकारालाच उठला. दुसऱ्या वेळी उठलाच नाही. मिसळ खायला घातल्यावर बरोबर जमलं. दोन प्लेट खाल्ल्या.

१० डिसेंबर
नकाराचं भाषण तयार केलं. नुसतं नको म्हणणं कोरडं वाटतं. तरुण पिढी, पिकलं पान, खुर्चीचा मोह वगैरे घेतलंय. आरशापुढं म्हणून पाहिलं. माझंच मन भरून आलं. मालन बाहेरून म्हणाली की कुणी गेलं का.

१५ डिसेंबर, इंटरव्ह्यूचा दिवस, सकाळ
सफारी आली. पोटावर जरा ओढते, पण श्वास धरला की उत्तम. निघतो. आज संध्याकाळी मोठी नोंद करीन.

१६ डिसेंबर
काल लिहिलं नाही. कारण लिहिण्यासारखं नव्हतं. नाही, होतं. पण हात चालला नाही.

क्रमानं लिहितो. समितीत चौघं होतो. उत्तमराव, छगनशेठ कांदेवाले, सहादेव आणि मी. माझी युक्ती अशी की जो कच्चा त्याला भरपूर मार्क द्यायचे आणि जो पक्का त्याला कमी. म्हणजे समिती हताश होईल आणि आपोआप माझ्याकडं वळेल. गॉगलवाल्याला मी दहापैकी नऊ दिले. त्यानं आधी पगार, मग सुट्ट्या आणि शेवटी संस्थेचं नाव विचारलं होतं.

मग ती जयमाला आली. मी कडक प्रश्न टाकला, की तुम्ही आमच्या प्रतिष्ठानसाठी काय करणार. तिनं उलट मलाच विचारलं की गेल्या वर्षी आपण काय केलं. मी सविस्तर सांगितलं. ब्लँकेटवाटपाचा भव्य कार्यक्रम, मांडव, हार, तीन भाषणं, माझं चौथं. तिनं विचारलं, हे कोणत्या महिन्यात. एप्रिलमधे. थंडीत पाहुण्यांची तारीख मिळाली नाही, त्याला आम्ही काय करणार. छगनशेठना खोकला लागला. मी तिला चार दिले.

सगळे गेल्यावर उत्तमराव म्हणाले, मार्कांची बेरीज नंतर करू, आधी एक गोष्ट. नाना, तुम्ही ॲप्लिकेशन केलेलं नाही, पण इतकी वर्षं तुम्ही राबलात. तुमची इच्छा असेल तर आम्ही तुमचाच विचार करू. आहे का इच्छा?

आला! बुंदी घेऊन वाढपी आला. मी हात आडवा धरला. म्हणालो छे छे, मी कुठला. छगनशेठ म्हणाले की घ्या की नाना, नाही कशाला म्हणता. मी दुसऱ्यांदा नको म्हणालो, जरा मान हलवून. उत्तमराव म्हणाले, नक्की का, नीट विचार करून सांगा. मग मी उभा राहिलो आणि भाषण केलं. असं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. पिकल्या पानानं वाट मोकळी करावी म्हणालो. मला या खुर्चीत बसवाल तर ती माझ्यावर जबरदस्ती होईल म्हणालो. या लेकीबाळींच्या हातात आता कारभार द्या म्हणालो. लेकीबाळी ऐन वेळी सुचल्या, तयारीत नव्हत्या. मग थांबलो आणि सहादेवकडं पाहिलं.

सहादेव उठला. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. उपरण्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, असा मानूस व्हनार न्हाई. नाना म्हनत्यात तसंच करा. त्या बाईला घ्या. माजं अनुमोदन.

छगनशेठनी टाळ्या वाजवल्या. उत्तमरावांनी तर माझा हात दोन्ही हातांत धरला. सरकारी नोकरीत हयात गेलेला माणूस, त्यांच्याकडं नाही म्हणजे नाही, फाईल बंद. मग म्हणाले की नाना, ठराव लिहा. लिहिला. जयमाला यांची एकमताने निवड. सूचक गहिनीनाथ, म्हणजे मी. अनुमोदक सहादेव.

माझ्या हातानं लिहिला. अक्षर चांगलं आलं.

१७ डिसेंबर
मालनला अजून सांगितलं नाही. तिला कालच कळलंय असं दिसतं, कारण आज शेंगा फोडायला दिल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२२ डिसेंबर
प्रतिष्ठाननं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. विषय: त्याग. सलूनमधेही तीच चर्चा. हातची जीप सोडली म्हणे नानांनी, आजकाल कोण सोडतं. न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. विचार केला तर ते बरोबरच बोलतात. पद मिळवणारे पैशाला पासरी. हातात आलेलं सोडणारा एखादाच. कदाचित माझ्या मनात पहिल्यापासून हेच असेल.

२३ डिसेंबर
मनात पहिल्यापासून हे नव्हतं.

१ जानेवारी १९९७
नवीन वर्ष. रोज लिहिणार. जयमालाबाई आज रुजू झाल्या. स्वागताला मला बोलावलं होतं. गेलो नाही. पोट.

९ जानेवारी
ब्लँकेटं वाटली म्हणे. जानेवारीत! मांडव नाही, पाहुणे नाहीत, भाषण नाही. बाईनं जीपमधे घातली आणि वस्त्यावस्त्यांवर जाऊन देऊन आली. भाषणाशिवाय ब्लँकेट घेतात तरी कशी माणसं? ऊब येते का त्यानं?

मला सल्ल्यासाठी बोलावतील. वाट बघतोय असं नाही. पण ओट्यावर बसलं की रस्ता दिसतो, म्हणून ओट्यावर बसतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सहादेव तिळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणाला. इतके दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो आणि त्याला ते कळलंही नव्हतं. शेवटी विचारलंच, की बाबा, विहिरीवर आपलं काय ठरलं होतं?

तो गडबडला. म्हणाला, व्हय नाना, ठरल्यालं सगळं ध्यानात हुतं. मी त्येच बोलाय उठलो हुतो. पन तुमी बोललाच असं, की मला वाटलं, या मानसाला खरंच नको हाय. मग जबरदस्ती कशी करू? पाप लागंल की.

तिळगूळ घेतला. कडक होता, दातात अडकला. सहादेवचे डोळे पुन्हा भरून आले. भाषणाच्या आठवणीनं.

१९ जानेवारी
ऑफिसच्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच राहिली होती, ती द्यायला गेलो. दुसरं काही काम नव्हतं. सफारी घातली नाही.

ऑफिसात गर्दी. तिसगावला डोळ्यांचं शिबिर आहे, त्याची तयारी चाललेली. जयमालाबाईंनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली. मग सगळ्यांना सांगत होत्या की दारात बसून लोकांना नंबर द्यायला एक माणूस कमी पडतोय. मानधन नाही. जीप डॉक्टरांनी भरलीय, त्यामुळं एसटीनं यायचं. डबा आपापला. दिवसभर म्हाताऱ्यांची रेटारेटी सांभाळायची. कुणी मान वर करेना. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, नाना, तुम्ही याल...

येतो म्हणालो. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. इतक्या मोठ्यानं, की बाजूचा टायपिस्ट थांबून बघायला लागला.

घरी येऊन मालनला सांगितलं की उद्या तिसगावला जावं लागतंय. फार आग्रह केला बाईंनी, ऐकेचनात, नाइलाज झाला.

तिनं परातीतनं मान वर केली आणि विचारलं, किती वेळा विचारलं त्यांनी?

मी म्हणालो, डब्यात ठेचा जरा जास्त घाल.