नोटपॅडवरचा वाकडा तक्ता

मंगळवार, संध्याकाळ. चिंचवड.

जीव थाऱ्यावर नाही. गुडघेदुखीमुळे मशीनवर उभं राहणं झेपत नाही, म्हणून कंपनीच्या वेबसाइटचं बसून करायचं काम मागितलंय. त्यासाठी महिनाभर घरी एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकतोय. आज साहेबांनी कॉम्प्युटरवरच्या साध्या नोटपॅडमध्ये एक तक्ता करायला सांगितला, तर चौथ्या ओळीत अडकलो. "काय राव, महिना झाला ना?" म्हणाले. घरचं भारी सॉफ्टवेअर अर्धा कोड आपोआप लिहून देतं. मग मी काय शिकलो?

बायको म्हणाली, "अहो, नव्या माणसाला महिनाभर लोखंडावर कानस चालवायला लावता, आपोआप चालणाऱ्या सीएनसी मशीनला हात लावू देत नाही. आणि स्वतः?" राग आला. तिचा की माझा, कोण जाणे.

शुक्रवारी साहेब पुन्हा बघणार. सॉफ्टवेअर काढून टाकलं. नोटपॅडवर तासभर झगडलो, तरी एक रकाना बाहेर सांडलाच. पण कुठे चुकलंय, ते पहिल्यांदा माझं मला दिसलं.

कानस शिकताना माझा पहिला तुकडाही असाच वाकडा झाला होता. मला शिकवणाऱ्या उस्तादांनी तो फेकू दिला नव्हता. हा तक्ताही मी पुसलेला नाही.