दुसरा कंट्रोलर

प्रिय दादा,

भांडकुदळ धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. आईला सांग, वेळेवर जेवतेय.

परवा रविवारी इथे एकाच वेळी दोन मेळावे होते. एक फक्त गेमवाल्यांचा, दुसरा सिनेमा-कॉमिक्सच्या सगळ्याच वेड्यांचा. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्याला चल, माणसं बोलतील तरी. गेमवाले मान वर करत नाहीत." मला तेच हवं होतं, म्हणून गेमवाल्यांकडेच गेले. खेळताना तू तरी कुठे बोलायचास? शेजारी बसायचास, बस्स.

तिथे आपला गाड्यांचा गेम होता. शेजारी बसलेल्या एका काकांनी पहिला कंट्रोलर पुढे केला. मी सवयीने दुसराच उचलला. पहिला कायम तुझा ना!

मी जिंकले. पण "रडीचा डाव!" म्हणून उशी फेकायला कोणी नव्हतं.

हाताचं प्लास्टर निघालं का? विचारलं की आई विषय बदलते. तूच खरं सांग. उशी फेकता येईल ना?

तुझीच,
दुसऱ्या कंट्रोलरची मालकीण