मागाच्या खडखडाटात विचारलेलं

कार्डिफ,
रविवार, ८ मार्च

चि. जय,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज मनातून येत नाहीत. ते शेवटी बघू. आम्ही सुखरूप पोचलो. इथे पाऊस. बाबा जेवतात, झोपतात, बोलत नाहीत.

तुझा ईमेल आला. ‘ताई, बाबांना मेमरी क्लिनिकला दाखव. म्युझियममध्ये फारच एम्बॅरसिंग झालं.’ वाचून डोक्यात तिडीकच गेली. म्हणून कागदावर लिहितेय, म्हणजे तुला डिलीट करता येणार नाही.

तुझं तेरासा गाव छान आहे रे. बार्सिलोनाहून ट्रेनने येताना बिल्डिंगांच्या मधून गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या, तेव्हा बाबा सीटवरून उठलेच. म्हणाले, ‘अगं, हे तर आपलं सोलापूर.’ आणि तू? स्टेशनपासून ब्रोशर वाचल्यासारखा सुरू. ही गिरणी आता ऑफिस, त्या गिरणीत फ्लॅट. ज्या माणसाने उभं आयुष्य माग चालवले, त्याला तू गिरणी म्हणजे काय ते शिकवत होतास. वर म्युझियममध्ये त्यांच्या कानाला हेडफोन लावलास. त्यांचे कान मागांपायीच गेले, हेही विसरलास.

मग तिथल्या बाईंनी दाखवायला एक माग सुरू केला. बाबांनी तुझा खांदा धरून तुला वळवलं. ओठ मोठे हलवले, बोट स्वतःच्या छातीला लावलं, मग जमिनीकडे, मग तुझ्याकडे. तू त्या बाईंकडे बघून कसनुसं हसलास, नाही अशी मान हलवलीस आणि बाबांना बाहेर नेलंस.

त्यांना काही झालेलं नाही. मागखात्यात कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार असेच बोलतात. घरीसुद्धा बाबा आईकडे भाकरी अशीच मागायचे. तू शाळेत जात होतास तेव्हा, काही तान्हा नव्हतास. मला वाटलं, तुला समजलं आणि तू नाही म्हणालास. म्हणून निघेपर्यंत मी तुझ्याशी धड बोलले नाही. ईमेल वाचला तेव्हा कळलं, तुला समजलंच नव्हतं. त्याचा राग जास्त आला.

परवा त्यांची बॅग रिकामी केली. चार दिवसांच्या ट्रिपला सगळे उन्हाळी शर्ट आणि आईचा फोटो घेतला होता. इतकी वर्षं त्यांचं सगळं मी करतेय, आणि जीव तुझ्याकडे. तेही लागलं मला, खोटं कशाला बोलू.

‘मी इथे राहू का, तुझ्यापाशी?’ एवढंच विचारलं त्यांनी. मुलाकडे मोठ्याने मागायची लाज वाटली असेल, म्हणून माग सुरू होईपर्यंत थांबले. आणि त्यांच्या लेखी तू मान हलवून उत्तर दिलंयस.

फोन करू नकोस, त्यांना ऐकू येत नाही. इथे ये. समोर उभा राहा आणि हो की नाही ते हातांनी सांग. येत नसेल तर मी शिकवते.

आशीर्वाद त्यानंतर.

तुझी ताई,
अर्चना