घडीत ठेवलेली लेक

देवपूर, धुळे
१८ नोव्हेंबर

प्रिय सोनल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? ओळखूनही उघडलं असशील तर निम्मं काम झालं. न उघडता कोनाड्यात टाकलं असशील तर मी दुसरं पाठवीन, मग तिसरं. तुला माहीतच आहे, नाव कोकिळा असलं तरी गळा माझा कावळ्याचा आहे आणि चिकाटीही त्याचीच. तेरा वर्षं गप्प बसले. आता बास झालं.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तुला कोडं पडायला नको. आपल्या भाऊकीच्या वंशावळीचं पुस्तक निघतंय. नऊ पिढ्या, पावणेतीनशे पानं, वर रंगीत पुठ्ठा. अख्खं पुस्तक मी टाइप केलंय. आणि तुझ्या काकांनी, मोतीलाल आबांनी, तुझ्या नावापुढे त्यात 'कै.' लावायला लावलंय. तू तिकडे चोपड्यापलीकडच्या दवाखान्यात रोज सकाळी पांढरा कोट चढवतेस, पेशंटना दरडावतेस, आणि इकडे तू पुस्तकात मेलेली. छापून आलं की संपलं, पुढच्या दोन पिढ्या तेच खरं मानतील. हे मी होऊ देणार नाही, आणि त्यापायी गेले दोन महिने मी काय काय करून बसलेय ते तुला कळायला हवं.

तंत्रनिकेतनातल्या लॅबमधून मी रिटायर झाले त्याच वर्षी आबांचा फोन आला. वहिनी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो, तुम्हीच करा म्हणाले. एकतीस वर्षं पोरांना कीबोर्ड शिकवला तेव्हा याच घरात 'बाई बटणं दाबून पगार घेते' म्हणायचे, ते मी विसरले नव्हते. पण हो म्हटलं. घरात एकटीच, नाना गेलेले, टीव्हीवरच्या सासवा बघून बघून माझं डोकं उठलं होतं.

मी काम केलं ते माझ्या जुन्या टेक्स्ट एडिटरमध्ये. तू लहानपणी लॅबमध्ये येऊन बसायचीस तेव्हा पाहिलाय तो, काळी स्क्रीन, नुसती अक्षरं. त्यात आराखड्याची सोय आहे. पिढीच्या नावापुढे एक चांदणी, माणसाच्या नावापुढे दोन, त्याच्या बायकामुलांपुढे तीन. नावावर जाऊन एक बटण दाबलं की त्याच्या खालचं सगळं घडी घातल्यासारखं मिटतं. दिसतं नुसतं नाव आणि पुढे तीन टिंबं. पुन्हा दाबलं की उलगडतं. मजकूर कुठे जात नाही, असतो तिथेच असतो. नऊ पिढ्यांचा पसारा आवरायला याहून चांगलं काही नाही, आणि कुणाला हे सांगायला जावं तर जांभया देतात.

पहिली बैठक पारोळ्याला धर्मेंद्रच्या घरी झाली. आबांचा धर्मेंद्र, तोच. त्यानं माझा लॅपटॉप त्याच्या भल्यामोठ्या टीव्हीला जोडला आणि सगळे पुरुष पुढे बसले. मी लेकींचीही माहिती भरली होती. कुठे दिली, जावई काय करतो, मुलं किती, ती स्वतः काय शिकली. दोन पानं सरकली नाहीत तोच आबा वैतागले. लेकी दिल्या घरच्या, त्यांच्या वंशावळी त्यांच्या सासरचे काढतील, आपल्याला कशाला हा पसारा? मी म्हटलं, ठीक आहे आबा, लेकींच्या नावांच्या घड्या घालून ठेवते. माना डोलल्या, चहा आला. त्यांनी ऐकलं ते 'काढून टाकते' असं. मी म्हटलं होतं ते 'घड्या घालते'. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, सोनल. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं.

घरी येऊन मी एडिटरच्या सेटिंगमध्ये सात-आठ ओळी लिहिल्या. फाइल उघडली की बाकी सगळं पसरलेलं दिसावं, पण ज्या नावाखाली मी खूण केलीय तेवढं मिटलेलंच राहावं, कुणी कितीदा का उघडेना. एकशे बेचाळीस लेकींच्या नावांखाली मी हातानं ती खूण घातली. दुसऱ्या बैठकीला टीव्हीवर फाइल उघडली तर काय, लेकी एकेका ओळीत गप्प बसलेल्या. आबा खूश. ही टिंबं कसली म्हणून एकानं विचारलं. पुढे मजकूर आहे, मी म्हटलं. बरं बरं, म्हणाला आणि भज्यांकडे वळला.

तुझं नाव आलं तेव्हा मात्र भजी थांबली. आबा आपल्या बोलीत म्हणाले, "ती आपलाकरता मरी गयी. बठ्ठासनी आंघोय करेल शे." धर्मेंद्र माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, काकू, 'कै.' लावा, माझ्यासमोर लावा. आणि मी लावलं. या बोटांनी लावलं. उठून जायला हवं होतं, लॅपटॉप बंद करायला हवा होता. पण मागे बायका बसलेल्या, पुढे पुरुष, आणि मी जन्मभर जी शिस्तीची सून झाले होते तीच पुन्हा झाले. परतीच्या एस.टी.त पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. शेजारच्या बाईला वाटलं मी फोनवर बोलतेय.

आंघोळीचं निघालंच आहे तर तेही लिहिते. कधीतरी लिहायचंच होतं. तू जातीबाहेर, पावरा आदिवासी बादलशी लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी गावच्या घरी सगळ्या भावांनी तुझ्या नावानं आंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात तशी, डोक्यावरून. तुझा बाप असून नानाही बसले. पाणी कुणी काढून दिलं असेल? मी. हौदातून घागरी भरून मी ओट्यावर नेऊन ठेवल्या, एक झाली की दुसरी. कुणी जबरदस्ती केली नव्हती. भरा म्हणाले, मी भरल्या. तुला कुणी सांगितलं असेल की आई आत रडत होती, तर ते खरं नाही. रडले ते नंतर, दोन-तीन महिन्यांनी, लॅबमध्ये, पोरांची परीक्षा चालू असताना. नानांनी पुढे शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही. मरताना तुझी आठवण काढली वगैरे गोड गोष्टी मी तुला सांगणार नाही. ते फार हट्टी होते आणि मी फार भित्री होते. असे दोघे तुझ्या वाट्याला आलो.

पण फाइलमध्ये तुझी घडी होती ना, ती मी भरत राहिले. वर 'कै. सोनल' आणि तीन टिंबं, आत तू. जळगावला नर्सिंगला पहिल्या वर्गात पास झालीस ते. बादल पावरा यांच्याशी अमुक तारखेला नोंदणी पद्धतीनं विवाह, तेही पूर्ण नावानिशी. तुमच्या शेजारच्या पाड्यावरचा वना आठवतो? माझा विद्यार्थी तो, वीज मंडळात लागला. तो मला अधूनमधून खबर द्यायचा, मी ती त्याच दिवशी वहीत टिपून ठेवायची, तीच आता घडीत भरली. बदली कुठे झाली, घर कधी बांधलंत, बादलनं मोहाच्या झाडाखाली मुलांची शाळा भरवली ती. कोरोनाच्या वर्षात जळगावच्या पेपरात तुझा फोटो आला होता, लसीचा डबा खांद्याला लावून तू डोंगर चढतेयस. साडी खोचलेली, तोंडाला मास्क, तरी चालण्यावरून ओळखलं मी. आजोबांसारखी पाय फाकवून चालतेस तू, लहानपणी किती सांगितलं तरी सुधारली नाहीस. तेही मी लिहिलं. चालण्याचं नाही, लसीचं.

आता गंमत ऐक. या लोकांचा माझ्यावर विश्वास नाही. बाई शेवटच्या क्षणी काहीतरी घुसडेल म्हणून धर्मेंद्रनं डोकं चालवलं. तिसऱ्या बैठकीत टीव्हीवर पान न् पान पाहून झालं, आणि लगेच त्यानं माझ्याच लॅपटॉपवरून फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेतली. समितीच्या पाच जणांच्या सह्यांचं पत्र केलं की फाइल जशी आहे तशी छापावी, एका अक्षराचाही बदल करू नये, आणि ते घेऊन स्वतः जळगावच्या छापखान्यात देऊन आला. मी बघत बसले. सांगायला हवं होतं का? मला नाही वाटत. टिंबांचा अर्थ मी एकदा सांगितला होता.

छापखान्याच्या कॉम्प्युटरला माझ्या घड्यांचं काय कौतुक? त्यानं सगळं उलगडूनच घेतलं. प्रूफं आली तेव्हा पुस्तक शंभर पानांनी फुगलेलं, आणि सगळ्या लेकी आपापल्या नवऱ्यामुलांसकट, डिग्र्यांसकट पुढे बसलेल्या. दोनशे अकराव्या पानावर तू. वर 'कै.', आणि खाली तू लग्न करतेस, घर बांधतेस, बदलीवर जातेस, लसीचा डबा घेऊन डोंगर चढतेस. मेलेल्या बाईची एवढी धावपळ भाऊकीत कुणी पाहिली नव्हती.

धर्मेंद्र पेटला. काल पारोळ्याला पुन्हा सगळ्यांना बोलावलं, या वेळी मला जाब विचारायला. पण प्रूफं दोन दिवस त्याच्याच घरात पडलेली होती, आणि त्याच्याच सख्ख्या बहिणीनं, रूपालीनं, स्वतःचं पान वाचून त्याचे फोटो सगळ्या लेकींना मोबाइलवर पाठवले होते. त्यामुळे बैठकीला पुरुष बारा आणि माहेरवाशिणी तीस-पस्तीस. पाचोऱ्याहून, नरडाण्याहून, मिळेल त्या गाडीनं आलेल्या. आबांनी तासभर ओरडून पाहिलं. मग वाटाघाटीवर आले. लेकी राहू द्या, शंभर पानं वाढली तर वाढली, पण सोनलच्या नावाखालचं सगळं काढा आणि 'कै.' तेवढं राहू द्या. दोन-चार बायकांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. त्यांचं काम झालं होतं.

मी उभी राहिले. आवाज, देवाची कृपा, कावळ्याचाच निघाला. "जित्या लेकीच्या नावापुढे 'कै.' लिहायचं असेल तर आधी तिच्या आईच्या नावापुढे लिहा," मी म्हटलं. "नाहीतर ही फाइल माझी आहे, मी धुळ्याला दुसरीकडे छापून घेईन आणि तुमच्या प्रत्येक सोयरिकीत वाटत फिरेन." धर्मेंद्र काहीतरी बोलायला उठला. तेवढ्यात कोपऱ्यातून बेबाबाई, आबांच्या थोरल्या बहीण, ब्याऐंशी वर्षांच्या, आपल्या काठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मोतीलाल, पोर जित्ती शे. जित्ती पोरले मरेल कसाले लिखस?" त्यांना वाचता येत नाही. त्यांचं पान रूपालीनं त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. आबा कुणाचं ऐकत नाहीत, पण आईमागे ज्या बहिणीनं कडेवर वाढवलं तिला उलट बोलायची त्यांची हिंमत नाही. हो म्हणाले नाहीत. टोपी उचलली आणि बाहेर गेले. आपल्या घरात याला होच म्हणतात.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, टीव्हीवर फाइल उघडली. तुझ्या नावापुढचा 'कै.' पुसला. मग तुझ्या नावाखालची घडीची खूण पुसली. मग म्हटलं एकट्या तुझीच कशाला, आणि उरलेल्या एकशे एक्केचाळीसही पुसल्या. वीस मिनिटं लागली. कुणी उठलं नाही. दुरुस्त फाइल छापखान्याला मी स्वतः देणार आहे. पुढच्या सोमवारी.

हे सगळं कळवायला मी पत्र लिहिलेलं नाही, सोनल. पुस्तक झालं असतं तर एक प्रत पाठवून दिली असती, तुझं तू वाचलं असतंस. लिहिलं ते यासाठी की तुझं पान अजून पुरं झालेलं नाही. 'मुलगा: चंदन, जन्म २०१३' एवढं आहे. त्याखाली 'मुलगी: जन्म २०१९' आहे आणि नावाची जागा कोरी आहे. मुलगी झाली एवढं वना सांगून गेला, मग त्याची बदली झाली. त्याला फोन केला तर तो आजही कुणाला तरी विचारून सांगेल. पण माझ्या नातीचं नाव मी लोकांकडून मागून आणायचं? पाच वर्षांची झाली ती, आणि तिच्या आजीला तिला हाक कशी मारायची ते माहीत नाही. मला ते तुझ्याकडूनच हवंय. नंबर माझा तोच आहे. मला आई म्हणू नकोस, तब्येत विचारू नकोस, माफ कर असं मी म्हणतही नाहीये. नुसतं नाव सांग आणि फोन ठेवून दे. आणि नाही सांगितलंस, तर सोमवारी पान तसंच जाईल, कोऱ्या जागेसकट. कुणी विचारलं तर मी पारोळ्याच्या भर बाजारात सांगेन, ही जागा आबांमुळे कोरी राहिलेली नाही, माझ्यामुळे राहिलीय.

तुझीच,
आई