सोशल थिंकर जावई

८ डिसेंबर १९९६, रविवार

फोन आला! घरात फोन बसून महिना झाला, आजवर नुसते राँग नंबर. आज पहिल्यांदा कामाचा.

औरंगाबादहून एकनाथराव बोलत होते. विहारातल्या मंडळींनी आमच्या सुजातासाठी जे स्थळ सुचवलंय, त्या मुलाचे काका. मुलगा मिलिंद, पुण्याला कंप्युटर कंपनीत. लाइनीत ही खरखर! मी ओरडतेय, ते ओरडतायत. म्हणाले, "ताई, एक गोष्ट आधीच सांगतो. लपवाछपवी नको. मुलगा सोशल थिंकर आहे."

सोशल थिंकर! माझा ऊर भरून आला. म्हटलं, "अहो, मग अडचण कसली! आमच्या घरात पण तेच. आमच्या ह्यांचा अख्खा रविवार त्यातच जातो. आत्ता पण तिकडेच गेलेत, चार मित्रांबरोबर."

त्यांनी ओरडून विचारलं, "सकाळपासूनच?"

"हो! जेवायचं पण भान नसतं. मलाही वेळ मिळाला की मी जाते."

"तुम्हीसुद्धा?"

"बायकांनी का मागं राहायचं?"

मग म्हणाले, "बरं झालं ताई. मनावरचं ओझं उतरलं."

हे रविवारी विहारात मुलांना शिकवतात. एवढं कौतुकानं कुणी कधी ऐकलं नव्हतं!

९ डिसेंबर, सोमवार

शाळेच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. शिपायालासुद्धा. सुजाताला सांगितलं तर म्हणते, "कंप्युटरवाला आणि थिंकर?" आजकालच्या पोरींना कशाचं म्हणून कौतुक नाही.

११ डिसेंबर, बुधवार

काय लिहू! रागावू की लाजू, ते नंतर ठरवीन.

संध्याकाळी एकनाथरावांचा फोन परत आला. ह्यांनी उचलला. "हो... हो... नाही हो... काय?" फोन ठेवून खुर्चीत बसले. मग शांतपणे विचारलं, "विमल, तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं!"

"ते विचारतायत, तुमच्या राज्यात तर दारूबंदी आहे, मग रविवारी सकाळी तुम्हाला मिळते कुठून?"

ड्रिंकर! थिंकर नाही — ड्रिंकर!

आणि माझा नवरा कोण? खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तोंडाला न लावणारा! त्याला मी सकाळपासून चार मित्रांबरोबर बसवला! आणि स्वतः मागं न राहणारी बाई झाले! सुजाता हसून हसून जमिनीवर बसली. हे हसले नाहीत. म्हणाले, "उद्या त्यांना नाही कळव. आणि माझी बदनामी पण निस्तर."

१२ डिसेंबर, गुरुवार

फोन केला नाही. आधी म्हटलं, शब्द नीट समजून घेऊ. एकदा ऐकण्यात फजिती झाली, आता अर्थात नको. मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या पद्मावती टीचरना गाठलं.

"देखो विमलम्मा," टीचर म्हणाल्या, "'ही ड्रिंक्स' बोले तो दारूच. चाय पीता बोलना रहा तो चाय का नाम लेना पडता. दारू का नाम नक्को."

अगदी आपल्यासारखंच की! आपल्याकडे पण 'तो पितो' एवढंच पुरतं. काय पितो, हे कुणी विचारत नाही. इंग्रजीचा मी उगाच धसका घेतला होता.

"और सोशल?"

"चार लोगां में बैठ के पीता. अकेला नै पीता."

"तो अच्छा हुआ के बुरा?"

टीचर हसल्या. "वो ग्रामर में नै आता, अम्मा."

१४ डिसेंबर, शनिवार

चार लोकांत बसून. मग माझा भाऊ जयवंता सोशलच होता. एकटा कधी प्यायला नाही. माहेरी नांदेडात त्याच्याइतका सोशल माणूस नसेल! चौघं आणून सोडायचे, आई दार उघडायची. सकाळी कुणी विचारलं तर आई सांगायची, "जयवंताला बरं नाही." पुढे मी पण तेच सांगायला शिकले. त्याला स्मशानात नेलं त्या दिवशीसुद्धा लोकांना आम्ही तेवढंच सांगितलं — बरं नव्हतं.

त्याचं वय मिलिंदएवढंच होतं.

ह्यांना म्हटलं, सोमवारी नकार कळवते. "बरं," म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार

सुजाता ऐकेना. "त्याला न बघताच नाही? निदान येऊ दे. तुला जे विचारायचं ते तोंडावर विचार."

"विचारीनच," मी म्हणाले.

एकनाथरावांना फोन केला. थिंकरचा खुलासा करताना घाम फुटला. ते इतके हसले की पलीकडे त्यांना ठसका लागला. मी पण हसले मग. एसटीडीचं बिल कोण भरणार, ते हे बघतील.

२२ डिसेंबर, रविवार

आला. सडपातळ, चष्मा. दारातच "जय भीम, काकू" म्हणाला आणि वाकला; मागं एकनाथराव. सुलतान बाजारातून ह्यांनी मुद्दाम नवे कप आणले होते; मी त्यात चहा ओतला आणि मनाशी म्हटलं, विमलाबाई, विरघळायचं नाही.

सुजाताशी तो आतल्या खोलीत बोलून आला. मग मी माझे प्रश्न काढले. पाठ केले होते! पण पहिलाच असा निघाला — "तुम्ही किती पिता?"

हे खोकले. एकनाथराव छताकडे बघू लागले.

मुलगा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "वर्षातून तीन-चारदा, काकू. ऑफिसची पार्टी असली, नाहीतर मित्राचं लग्न. एक ग्लास, कधी दोन."

"तिसरा?"

"नाही."

"आत्तापर्यंत नाही. पुढं?"

"पुढचं खोटं कशाला बोलू? होऊ नये असं बघतो."

"मग सोडत का नाही?"

"सोडून बघितलं आहे. जमतं. पण पितो हे सांगायला लाज वाटत नाही, म्हणून सांगितलं."

मला राग आला. "लाज नाही वाटत?"

तो एकनाथरावांकडे न बघता म्हणाला, "काकू, माझे वडील पीत होते. आमच्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नाही. आई म्हणायची, त्यांना बरं नाही. मी आठवीत असेपर्यंत मला खरंच वाटायचं, त्यांना काहीतरी आजार आहे. म्हणून मी काकांना सांगितलं, फोनवर पहिलं हेच सांगा."

माझे उरलेले प्रश्न कुठं गेले कोण जाणे. मी उठून स्वयंपाकघरात गेले. डोळे पुसले. शिरा परत गरम केला — गरमच होता!

जाताना त्याला म्हटलं, "डब्यात शिरा दिलाय. वाटेत खा." हा माझा करारीपणा.

२३ डिसेंबर, सोमवार

हे म्हणाले, "मला मुलगा पटला." मी म्हटलं, "मला पण. पण लगेच हो म्हणायचं नाही, दोन दिवस विचार करतोय असं दाखवू." जेवायच्या आत चारदा फोनकडे बघून झालं.

२४ डिसेंबर, मंगळवार

होकार कळवायला बसले होते. सुजातानं येऊन फोनवर हात ठेवला. "आई, आधी काकांना माझं पण सांग. बंगळूरला ट्रेनिंगला होते तेव्हा मी पण घेतली आहे. दोनदा. आवडली."

म्हटलं, "हे मला आज सांगतेस?"

"तू त्याला विचारलंस. मला कधी विचारलंस?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग ती म्हणाली, "तू सांगतेस, की मी सांगू?"

रिसीव्हर माझ्या हातात आहे. अजून नंबर फिरवलेला नाही.