माझ्या गुडघ्याबद्दल लायब्ररीचं मत

३ फेब्रुवारी
मी सांगते, हे लिहितात. लिहायचं पण वाचायचं नाही, असं आमचं ठरलंय. मला तर वाचताच येत नाही, त्यामुळे रोजनिशी अगदी गुप्त आहे.
डॉक्टर म्हणाले, डावा गुडघा बदलू या. पुढच्या महिन्यातली तारीखही दिली. मी घाबरलेली नाही. लसूण घालून कढवलेलं माझं तेल घरात असताना ऑपरेशन कशाला, एवढंच म्हणणं.

४ फेब्रुवारी
सूनबाई मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे. संशोधन करायचं म्हटलं की डॉक्टर लोक आधी तिच्याकडे येतात. त्या विषयावर जगात काय काय छापून आलंय, ते ती शोधून देते. मी म्हटलं, मग माझ्या तेलाचंही शोध. ती म्हणाली, शोधते, पण जे निघेल ते मान्य करायचं. केलं. हरायचा प्रश्नच नाही.

५ फेब्रुवारी, दुपार
शोधण्याआधी तिचेच प्रश्न. वय काय, दुखणं कधीपासून, तेलाची तुलना कशाशी करायची, बरं म्हणजे नक्की किती बरं. ह्यांच्या आईनेही लग्नाआधी मला एवढं विचारलं नव्हतं.
तेलाने बरं वाटलं तेवढेच पेपर, म्हणजे ते संशोधनाचे लेख, आण म्हटलं. तर म्हणे, असं चालत नाही, दोन्ही बाजूंचे आणावे लागतात. सासूची बाजू घ्यायची नाही हे लायब्ररीत पगार देऊन शिकवतात, मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी
एक पेपर मिळाला. तेलाने गुडघे सुधारले. उंदरांचे. सुरुवात चांगली आहे.
हे हसले. हसले असं लिहायला सांगितलंय.

१२ फेब्रुवारी
जिंकले. माणसांवरचा पेपर सापडला. लसणाच्या तेलाने म्हाताऱ्या बायका जिने चढल्या. शेजारणीला सांगून आले. हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. सूनबाई म्हणत होती, आई, थांबा, अजून तपासायचाय. जळते बिचारी.

१३ फेब्रुवारी
तो पेपर मासिकानेच मागे घेतलाय. आकडे म्हणे मनचे घातले होते. सूनबाई प्रत्येक पेपरचं हे बघते आणि मगच तो पुढे देते.
शेजारणीला कळवलेलं नाही. तिचे गुडघे कुठे दुखतायत.

१७ फेब्रुवारी
शोध संपला. सूनबाईने सगळं नीट लावून डॉक्टरांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. तेलाच्या बाजूने काहीच नाही. मी मनातल्या मनात हॉस्पिटलची पिशवी भरली.
मग ते म्हणाले, ऑपरेशनचीही घाई नको. तेलाची तुलना व्यायामाशी केलेले पेपर यात आहेत, ते वाचल्यावर वाटतं, तुमच्या गुडघ्याला आधी काही महिने व्यायाम देऊन बघू. मी सूनबाईकडे विजयाने पाहिलं. व्यायाम म्हणजे नक्की काय, ते तेव्हा विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी
रोज सकाळ-संध्याकाळ. पाय ताठ ठेवून उचलायचा, धरायचा, सावकाश खाली. सूनबाई समोर खुर्ची टाकून मोजते. एकानंतर दोन येतात हे तिला आठवायला फार वेळ लागतो. हे म्हणतात, यापेक्षा ऑपरेशन परवडलं असतं. ह्यांचा पाय नाही ना तो.
आज तिला म्हटलं, म्हातारपणी व्यायाम वाईट, असं कुठेतरी छापून आलं असेलच. ती म्हणाली, उद्याच शोधते, अगदी सगळं शोधते.
मी जरा विचार केला. म्हटलं, राहू दे. तुला आधीच किती कामं असतात.