ब कुपीतलं शिसं

३ फेब्रुवारी १९९७
नोकरीच्या गावी पोचले एकदाची. लॅबच्या पाटीवर डॉ. नोलुथांडो हे आपल्या खोसा जमातीतलं नाव बघून छाती फुगली. बाईंचं नि माझं कुळ एकच निघालं. मॅडम नको, सिसी म्हण, ताईच समज, असं त्यांनीच सांगितलं. राहायला घरामागची खोली दिली. जेवायला आंबट दुधात कालवलेली मक्याची मोकळी उकड, थेट आईच्या हातची चव.

१० फेब्रुवारी
काम आवडलं. झोप आणणारं मेलाटोनिन शिशाला धरून ठेवतं का, ते बघायचं. शिसं मोकळं असलं की यंत्राच्या कागदावर उंच टोक उमटतं. मेलाटोनिननं धरलं की टोक बसतं. सेरोटोनिन वगैरे भावंडांची पाळी नंतर. दर सोमवारी सिसी माझं रक्त काढतात. शिशाच्या कामात तपासणी लागतेच म्हणाल्या.

२१ एप्रिल
आता उंदरांचं रक्त येतं. 'अ' कुपी शिसं आणि मेलाटोनिन दिलेल्यांची, 'ब' नुसतं शिसं दिलेल्यांची. 'ब'ची टोकं चढतायत. माझ्या तोंडाला गंजकी चव, पोटात कळा. सकाळचा चहा सिसी स्वतः आणून देतात. दमलीस गं, पी, म्हणतात.

१२ मे
मनगट लुळं पडतं. हिरड्यांवर निळी रेघ. उंदरांना दाणे घालावेत म्हणून पिंजरे शोधले. सगळ्या खोल्या पाहिल्या. झाडूवाले काका म्हणाले, "इथं उंदीर कधी नव्हतेच, पोरी."

१३ मे
उंदीर नाहीत तर कुप्यांत रक्त कुणाचं? बोट टोचलं. स्वतःचं रक्त यंत्रात घातलं. टोक 'ब'च्या टोकावर तंतोतंत बसलं. मग 'अ' कोण?

१४ मे
विचारलं. सिसींनी नाकारलं नाही. 'अ' त्या स्वतः. म्हणाल्या, "मीही तेच शिसं पिते, लिंडेल्वा. बॅटरी कारखान्याशेजारची लेकरं मरतायत. तुलनेला कुणीतरी बिनऔषधाचं लागतं ना." मीच का? "परक्याची लेक कशी घेऊ? आपली म्हणून तुला घेतलं."
आपली म्हणून —

१५ मे
दवाखान्यात गेले. सिसी आधीच तिथे. पोरगी भ्रमिष्ट झालीय, असं नर्सला सांगून ठेवलेलं. नर्सनं रक्त घेतलं, पण शिसं तपासणारी लॅब गावात एकच. नळी सिसींच्या हातात दिली — माझ्यासमोर —

१७ मे
खोलीला बाहेरून कडी. बोटं वळत नाहीत. आईला फोन केला म्हणे सिसींनी. ती निघालीय. राहील इथेच, आपलीच आहे, म्हणाल्या. दोघींवरच्या प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, तिसरी — आई, इथलं काही खाऊ न